बिननावाची डबी

मॉलमध्ये आपण 'पॅराबेन-फ्री' शोधत फिरतो. पण ज्या डबीवर लेबलच नाही, तिच्यात काय असतं?

सकाळी ऑफिसला निघेपर्यंत तुम्ही अंगाला काय काय लावता, एकदा मोजून बघा. टूथपेस्ट, फेसवॉश, साबण, शाम्पू, कंडिशनर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, डिओ, काजळ, लिपस्टिक. मुलांनो, हसू नका. शेव्हिंग फोम, आफ्टरशेव्ह, हेअर जेल आणि दाढीचं तेल धरलं तर तुमचाही आकडा दहाच्या आसपास जातो. यातल्या प्रत्येक बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत पंधरा-वीस नावं छापलेली असतात आणि त्यातली निम्मी वाचताना जीभ अडखळते.

म्हणूनच हल्ली ऑफिसच्या लंच टेबलवर पॅराबेन, सल्फेट, सिलिकॉन हे शब्द पोळी-भाजीइतके सहज ऐकू येतात. कोणी शाम्पू बदललेला असतो, कोणी डिओ सोडलेला असतो. सावध राहणं चांगलंच. पण गेल्या लग्नसराईत मी चोपड्यात चार दिवस काढले, तिथल्या दुकानांतून आणि पार्लरांतून फिरले, आणि एक गोष्ट लख्ख दिसली. आपण घाबरतोय खरं, पण भलत्यालाच.

'आठ दिनमा गोरं'

चोपडा म्हणजे जळगाव जिल्ह्याचं उत्तर टोक. तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालं की लागणारं, केळी आणि कापसावर जगणारं तालुक्याचं गाव. मे महिन्यात इथे 'पारा' म्हटलं की लोकांना थर्मामीटर आठवतो, कारण तो पंचेचाळिशीला टेकलेला असतो. लग्नंही नेमकी त्याच दिवसांत. उन्हाने रापलेल्या चेहऱ्याची नवरी कोणालाच नको असते, त्यामुळे पार्लरवाल्यांची चंगळ. फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग, स्मूदनिंग, मेंदी असं पूर्ण पॅकेज मिळतं. पुण्या-मुंबईत मिळतं ते सगळं इथेही मिळतं, फक्त स्वस्तात.

लेडीज शॉपीच्या शोकेसमध्ये नामांकित कंपन्यांच्या ट्यूब रांगेने मांडलेल्या होत्या. माझ्या मावसबहिणीला मात्र हवी होती ती काउंटरखालची डबी. पांढरं प्लास्टिक, सोनेरी झाकण. वर नाव नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही.

"आठ दिनमा गोरं करस, ताई," दुकानातल्या काकू म्हणाल्या. मी डबी उलटीपालटी करून बघतेय हे पाहून त्यांनी पुढे जोडलं, "नाव नही शे, पन गुन शे."

शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनी मान डोलावली. बनवतं कोण, विचारलं. "वरून येते." वरून म्हणजे कुठून? "पार्लरवाल्याच देतात ना." पार्लरमध्ये विचारलं, तर तिथल्या ताईंना ती एका एजंटने दिलेली. डबीत काय आहे हे विकणारीला माहीत नव्हतं, देणारीला नव्हतं आणि लावणारीलाही नव्हतं. त्या साखळीत कोणीही खोटं बोलत नव्हतं. माहिती मुळात कुठेच नव्हती.

अशा डबीत काय निघू शकतं, याचं उत्तर मात्र आपल्याच बाजूच्या एका शहरात मिळालेलं आहे.

अकोल्यातल्या मायलेकी

चोपड्याला रेल्वे नाही. जळगावला येऊन नागपूरकडची गाडी धरली की भुसावळ, मलकापूर, शेगाव आणि मग अकोला. ऊन तेच, लग्नसराई तीच, गोरेपणाचं वेडही तेच. अकोल्यातल्या एका विद्यार्थिनीने स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं क्रीम लावायला सुरुवात केली. रंग उजळला. तो इतका उजळला, की तिची आई आणि मोठी बहीणही तेच क्रीम लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींच्याही किडन्या बिघडल्या.

एकाच घरातल्या तिघींना एकाच वेळी किडनीचा विकार होतो, तेव्हा डॉक्टरांना संशय येतो तो घरातल्या एखाद्या समान गोष्टीचा. पाणी, अन्न, औषध? मुंबईच्या केईएम रुग्णालयात नेफ्रॉलॉजी विभागाचे डॉ. तुकाराम जमाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा माग काढला आणि तो थेट क्रीमपर्यंत पोचला. क्रीमची तपासणी केईएमच्याच आयुर्वेद प्रयोगशाळेत झाली. आत पारा होता. मुलीच्या रक्तातही तो सामान्य मर्यादेच्या कितीतरी पट जास्त सापडला. २०२३च्या सुरुवातीला ही बातमी छापून आली, चार दिवस गाजली आणि विरून गेली.

नियम काय सांगतो? भारताच्या 'कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०'नुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला मनाई आहे. कच्च्या मालातून चुकून आलाच, तर तो दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे १ पीपीएमच्या वर जाता कामा नये. अकोल्याच्या क्रीममधला आकडा हजारांच्या घरात होता. पीपीएम हा शब्द कोरडा वाटतो, म्हणून साधं गणित करू. वीस ग्रॅमच्या डबीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ०.०२ मिलिग्राम पारा चालतो. तीच डबी दहा हजार पीपीएमची असेल, तर तिच्यात २०० मिलिग्राम पारा असतो. म्हणजे नियमाच्या दहा हजार पट, आणि तोही रोज रात्री चेहऱ्यावर चोळून.

ते क्रीम खरंच काम करतं

या क्रीमचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे ते फसवं नसतं. ते सांगतं ते करून दाखवतं. आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे असतो. मेलॅनिन तयार करायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं आणि त्या एन्झाइमला काम करायला तांबं लागतं. पारा त्या तांब्याची जागा अडवतो. कारखानाच बंद पडला की माल निघत नाही आणि रंग उतरतो. आठ दिवसांत नसेल, पण थोड्या आठवड्यांत आरशात फरक दिसतो. मैत्रिणी विचारतात, "काय लावतेस गं?" आणि डबीला आणखी चार गिऱ्हाइकं मिळतात. जाहिरातीची गरजच उरत नाही. क्रीम थांबवलं की रंग हळूहळू पूर्ववत होतो, म्हणून डबी संपली की पुढची डबी.

दरम्यान पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जाऊन साठत राहतो. किडनी म्हणजे शरीराची चाळणी. तिची जाळी बिघडली की रक्तातली प्रथिनं लघवीवाटे गळू लागतात. लघवीला साबणासारखा फेस येतो. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. आपल्या पिढीकडे या सगळ्याची उत्तरं तयार असतात. झोप कमी झाली, मीठ जास्त झालं, दिवसभर खुर्चीत बसून पाय सुजले. चेहऱ्याच्या क्रीमचा आणि पायाच्या सुजेचा संबंध डोक्यात येत नाही, आणि डॉक्टरांनी मुद्दाम विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही.

क्रीम न लावणारेही सुटत नाहीत. पाऱ्याची वाफ होते. तो उशीच्या अभ्र्याला, टॉवेलला, हाताला लागतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात २०१०मध्ये अशी काही कुटुंबं तपासली गेली, तेव्हा ज्यांनी क्रीमला हातही लावला नव्हता, त्यांच्या लघवीतही पारा सापडला होता. आई क्रीम लावते आणि बाळ तिच्या गालाला गाल घासतं, इतकं ते साधं आहे.

अकोला एकटं नाही

२०२३मध्येच नवी मुंबईच्या मेडिकव्हर रुग्णालयातल्या डॉक्टरांसमोरही असेच रुग्ण आले. त्याआधीपासून केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या अॅस्टर मिम्स रुग्णालयात डॉ. साजिश शिवदास आणि डॉ. रंजित नारायणन यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट येत होती. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या किडनीविकाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांमध्ये 'नेल-१' नावाच्या प्रथिनाशी जोडलेला, एरवी विरळा आढळणारा प्रकार निघाला. या १५पैकी १३ जणांनी गोरं करणारं क्रीम वापरल्याचं सांगितलं. हा अभ्यास २०२४मध्ये 'किडनी इंटरनॅशनल' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यातली दिलासा देणारी बाजूही सांगायला हवी. वेळेत ओळखलं आणि क्रीम थांबवलं, तर बहुतेकांची किडनी सावरते. किडनीच्या बाकी कितीतरी आजारांबद्दल असं म्हणता येत नाही. इथे पहिला उपचार फुकट आहे. डबी बंद करायची.

प्रश्न जगभरचा आहे. 'झीरो मर्क्युरी वर्किंग ग्रुप' या संस्थांच्या गटाने २०१९मध्ये १२ देशांतून त्वचा उजळवणारी १५८ उत्पादनं गोळा करून तपासली. त्यातल्या सुमारे ६० टक्क्यांमध्ये पारा मर्यादेच्या वर होता, कुठे ४० पीपीएम तर कुठे लाखाच्याही पुढे. पाऱ्यावरच्या मिनामाटा कराराला भारताने २०१८मध्ये मान्यता दिली. २०२३मध्ये जिनिव्हाला या कराराची बैठक झाली आणि सौंदर्यप्रसाधनांसाठीची १ पीपीएमची सवलतही काढून टाकायचं ठरलं. पारा घातलेली प्रसाधनं बनवायची नाहीत, आयात-निर्यातही करायची नाही, त्यासाठी २०२५ची मुदत. कागदावरचं जग पुढे गेलंय. डबी मात्र अजूनही काउंटरखाली मिळते.

मग ब्रँडेड गोष्टी धुतल्या तांदळासारख्या?

तसंही नाही. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने जानेवारी २०१४मध्ये बाजारातली ७३ प्रसाधनं तपासून अहवाल दिला. गोरं करणाऱ्या ३२ क्रीमपैकी १४मध्ये पारा मिळाला. ३० लिपस्टिकपैकी १५मध्ये क्रोमियम आणि १३मध्ये निकेल मिळालं. यात प्रसिद्ध ब्रँडही होते आणि तेव्हा बरीच खळबळ उडाली. पण त्या क्रीममधल्या पाऱ्याचा सर्वात मोठा आकडा होता १.९७ पीपीएम. तो मर्यादेच्या वर होता, हे बरोबरच नाही. तरी बिननावाच्या डबीतल्या हजारांशी त्याची तुलना करा, म्हणजे धोक्याची पायरी कळेल.

पॅराबेनचंही तसंच. ते क्रीममध्ये बुरशी आणि जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह असतं. शरीरातल्या इस्ट्रोजेनची थोडीशी नक्कल ते करू शकतं, म्हणून युरोपने २०१४मध्ये त्यातले पाच प्रकार बंद केले आणि बाकीच्यांना मर्यादा घातल्या. सल्फेट फेस आणतं आणि नाजूक त्वचा कोरडी करतं. ट्रायक्लोसानसह १९ घटकांना अमेरिकेच्या एफडीएने २०१६मध्ये हात धुण्याच्या जंतुनाशक साबणांतून काढायला लावलं, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. या सगळ्यावर अभ्यास होतात, मर्यादा बदलतात, कंपन्यांना उत्तर द्यावं लागतं. कारण त्या घटकाचं नाव छापलेलं असतं.

नाव असलं की काय होतं, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण बघा. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पुणे आणि नाशिकमधून घेतलेल्या जॉन्सन्स बेबी पावडरच्या नमुन्यांत पीएच ठरलेल्या मर्यादेत बसत नसल्याचं सांगून सप्टेंबर २०२२मध्ये कंपनीच्या मुलुंडच्या कारखान्याचा ही पावडर बनवायचा परवाना रद्द केला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तपासणीला झालेल्या दिरंगाईवर बोट ठेवत न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये ते आदेश रद्द ठरवले. बरोबर कोण, चूक कोण, यावर तुमचं मत काहीही असो. पण नमुना कुठला, बॅच कुठली, कारखाना कुठला, परवाना कोणाचा, हे सगळं समोर होतं म्हणून भांडता तरी आलं. बिननावाच्या डबीचा परवाना कोण रद्द करणार? तिला तो मुळातच नसतो.

अंदाज नको, तपासणी हवी

अकोल्याच्या अलीकडचं स्टेशन शेगाव. जानेवारी २०२५मध्ये याच शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक पुंजक्यांनी गळू लागले आणि सगळ्यांचं पहिलं बोट गेलं शाम्पूकडे आणि पाण्याकडे. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्ताचे आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले आणि संशयाची सुई गव्हातल्या सेलेनियमकडे वळली. शाम्पूच्या बाटल्या फेकून काही उपयोग झाला नसता. अकोल्यात पाण्यावर संशय घेऊन थांबले असते, तर क्रीम सुटलं असतं. शेगावात शाम्पूवर थांबले असते, तर गहू सुटला असता. घाबरणं सोपं असतं. नमुना घेऊन प्रयोगशाळेत जाणं कटकटीचं असतं, पण उत्तर तिथेच मिळतं.

पारा एकटा नाही

चोपड्यात जे पाहिलं, त्यात आणखी चार गोष्टी होत्या. चारही पुण्या-मुंबईत सर्रास सापडतात, म्हणून त्या नीट वाचा.

पहिली, मेडिकलमधून मागून घेतलेली ट्यूब. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल अशी नावं ट्यूबवर असतील, तर ते स्टेरॉइड आहे. एक्झिमासारख्या आजारावर डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात. पण मैत्रिणीच्या सांगण्यावरून ते महिनोन् महिने 'नाइट क्रीम' म्हणून लावलं, की त्वचा पातळ आणि लाल होते, पुरळ येतं, चेहऱ्यावर लव वाढते, ऊन सोसत नाही. सोडायला जावं तर चेहरा पेटतो, म्हणून लोक पुन्हा तेच लावतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर बरीच वर्षं आवाज उठवल्यावर केंद्र सरकारने मार्च २०१८मध्ये अशी १४ स्टेरॉइड प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी घातली. चिठ्ठीशिवाय ती मिळत असतील, तर दुकानदार कायदा मोडतोय आणि तुम्ही चेहरा.

दुसरी, चिकटवायची टिकली. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं आणि ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं. अलाहाबादच्या डॉक्टरांनी हे १९९०मध्येच दाखवून दिलं होतं. खाज किंवा फिकट डाग दिसला की टिकली लगेच बंद. आणि डाग नसला, तरी रात्री काढून ठेवावी.

तिसरी, झटपट काळी मेंदी. खऱ्या मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केशरी ते तांबूस-तपकिरी रंग देतं आणि त्याला काही तास लागतात. अर्ध्या तासात काळीकुट्ट रंगणाऱ्या कोनात बहुधा पीपीडी असतं, म्हणजे केसांच्या डायमधलं रसायन. त्याने हातावर फोड येतात ते येतात, पण एकदा त्याची अॅलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. लग्नात मेंदी रंगली आणि पुढे चाळिशीत केस रंगवायला गेलात की डोकं सुजलं, असं होऊ शकतं.

चौथी, स्मूदनिंग आणि केरॅटिन. ही तर खास आपली, ऑफिसवाल्यांची. यातल्या काही द्रवांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतं. ते कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सांगते. त्याऐवजी आलेलं ग्लायॉक्झिलिक अॅसिडही निर्धोक निघालं नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०२४मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिकत आली. जून २०२०, एप्रिल २०२१ आणि जुलै २०२२ अशी तीनदा ती केस सरळ करून घ्यायला सलूनमध्ये गेली आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. आणि तुम्ही सहा महिन्यांतून एकदा जाता. तिथली मुलगी ती वाफ रोज हुंगते.

काउंटरवरचा शेवटचा इन्स्पेक्टर

औषध विकायला परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधन विकायला लागत नाही, फक्त बनवायला लागतो. बाहेरून आणलं तर आयातीची नोंदणी लागते. म्हणूनच क्रीम मेडिकलमध्ये मिळतं, तसंच बांगड्यांच्या दुकानात, पार्लरमध्ये, जत्रेत आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरही मिळतं. इतक्या ठिकाणी औषध निरीक्षक रोज पोचणं शक्य नाही. त्यामुळे काउंटरवर शेवटची तपासणी करणारी व्यक्ती म्हणजे तुम्हीच.

'हे गावाकडचं झालं, आम्ही असलं घेत नाही,' असं म्हणत असाल, तर मागच्या वेळी प्रदर्शनातून किंवा इन्स्टाग्रामवरून मागवलेलं ते 'हॅण्डमेड' क्रीम काढून बघा. खाकी कागद, सुतळीची गाठ, सुंदर अक्षरं. परवाना क्रमांक आहे का? घरच्या ओट्यावर बनवलं तरी विकायचं म्हटलं की परवाना लागतोच. लेबल देखणं असलं, म्हणजे ते पुरं असतं असं नाही.

चोपड्यात फार्मसी कॉलेज आहे. प्रसाधनांचं शास्त्र फार्मसीच्या पोरांच्या अभ्यासातच असतं. म्हणजे गावात ज्ञान नाही असं नाही. फक्त ते काउंटरपर्यंत पोचत नाही. तुमच्या घरात, नात्यात कोणी फार्मसीला असेल, तर या सुट्टीत त्यांना घरच्या बायकांसमोर बसवा आणि कपाटातल्या सगळ्या डब्या पुढे ठेवा.

लेबलवर काय बघाल?

- उत्पादनाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. 'वरून येते' हा पत्ता नव्हे.
- उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक.
- घटकांची यादी. तीस ग्रॅम किंवा साठ मिलिलिटरपेक्षा लहान पॅकवर ती छापायची सक्ती नाही, पण वरच्या बाकी गोष्टींची आहे.
- कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरस, मर्क्युरियो ही सगळी पाऱ्याचीच नावं.
- 'सोनं, चांदी, अॅल्युमिनियम, रबर यांना लावू नका' अशी सूचना असेल, तर डबी तिथेच ठेवा. धातूला खाणारं काहीतरी आत आहे.
- आधीच असं क्रीम लावत असाल तर लगेच थांबवा आणि डॉक्टरांना डबीसकट भेटा. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी साधी आणि स्वस्त असते. डबी केरात टाकू नका. ती पिशवीत घट्ट बांधून ठेवा, तपासणीला लागते.
- संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. 'औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०'च्या कलम २६नुसार कोणताही ग्राहक फी भरून विकत घेतलेलं प्रसाधन सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो.

आणि मागणीचं काय?

डबी काउंटरखाली असते, पण मागणी काउंटरवर येते. १९७५पासून आपल्याकडे गोरेपणा ट्यूबमध्ये भरून विकला जातोय. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध क्रीमने २०२०मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केलं, तेव्हा कौतुक झालं. स्थळं बघताना मात्र बायोडेटात 'वर्ण' हा रकाना अजून असतो आणि तो भरणारे आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच पगारदार असतात. चोपड्याच्या उन्हात वाढलेल्या मुलीने आठ दिवसांत गोरं व्हायचं, तर तिला पाऱ्याशिवाय पर्यायच कुठे ठेवलाय? सावलीत सांभाळून राहणं आणि साधं सनस्क्रीन लावणं त्वचेला पुरतं. रकान्याला पुरत नाही.

तेव्हा दिवाळीत किंवा मेमध्ये गावी जाल, तेव्हा बहिणींसाठी गिफ्ट हॅम्पर जरूर न्या. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी करा. घरातल्या कोणाचा चेहरा अचानक उजळलेला दिसला, तर "काय लावतेस गं?" हा प्रश्न कौतुकाने नव्हे, काळजीने विचारा आणि डबी बघायला मागा. आणि घरात कोणाचा बायोडेटा टाइप होत असेल, तर कीबोर्ड स्वतःकडे घेऊन तो रकाना काढून टाका.